चोर सोडून संन्याशाला सुळी

श्रोतेहो, चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. गुरुजी तिचा अर्थ विचारतात, मुले तो पाठ म्हणून दाखवतात, आणि म्हण वहीत राहून जाते. पण म्हणी काही कुणी हौसेने रचत नाही. कुणाला तरी ते सोसावे लागलेले असते, म्हणून ती लोकांच्या तोंडी बसते. आज मी तुम्हाला अशाच काही पोरांची हकीगत सांगणार आहे. मिसरूड फुटण्याच्या वयात ती न्यायाच्या चुकीत सापडली. काहींच्या बाबतीत चूक दुरुस्त झाली, पण तोवर कुणाची जवानी सरली होती, तर कुणाचा जीवच गेला होता.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मुंबई-दिल्लीकडचे. आपल्या जळगाव-धुळ्याच्या माणसाला त्याचे काय? तर मंडळी, तसे नाही. सुरुवात आपल्या घरापासूनच करू.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. सातपुड्यातले आणि अजिंठ्याच्या डोंगरातले भिल्ल नव्या राज्याला सहजासहजी वळले नाहीत. १८२५ मध्ये औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारली आणि मग बंडे हळूहळू शमली. पण त्या काळात सरकारी कागदांत एक वाईट सवय शिरली. अमक्या माणसाने गुन्हा केला असे न म्हणता, अमकी जातच गुन्हेगार आहे असे लिहिण्याची ती सवय. या सवयीचा पुढे कायदाच झाला. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ पासून तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला.

काय होते या कायद्यात? एखादी जमात एकदा गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नावे नोंदवायची, त्यांनी चौकीवर हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. १९२४ च्या कायद्यात मुलांसाठी वेगळे कलम होते. सहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधार शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. त्या पोराने चोरी केली की नाही, हा प्रश्नच नाही. आईच्या पोटातून बाहेर येतानाच गुन्हेगारीचा शिक्का कपाळी मारून आलेले पोर ते!

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात हा कायदा रद्द झाला. त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या, आणि आजही त्या दिवशी त्यांच्या वस्त्यांवर विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, हे खरे. पण माणसाच्या मनातला कायदा गॅझेटात छापून रद्द होत नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. पोरे पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. जमावाने या पाचांना धरले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि ठेचून मारले. ना पुरावा, ना पंचनामा, ना न्यायाधीश. अनोळखी माणसे आणि भटक्यांचा वेष, एवढ्यावर शिक्षा झाली. जमावाने हे काम एका दुपारी उरकले. पण हाच संशय जेव्हा सरकारी दप्तरात शिरतो तेव्हा तो सोळा वर्षे चालतो. ती हकीगत आता ऐका.

जळगावहून अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेले की सिल्लोड लागते, आणि त्याच्या शेजारी जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका. तिकडची सहा माणसे, भटक्या जमातीतली, मोलमजुरी करून पोट भरणारी. त्यांतला एक जण अठराच्या आतला होता.

५ जून २००३ च्या रात्री नाशिक भागात शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. जेवणखाण आटोपून माणसे बोलत बसली होती. दरोडेखोरांनी पैसे आणि दागिने लुटले, घरातल्या स्त्रियांवर अत्याचार केले आणि पाच जणांचे जीव घेतले. एक बाई आणि तिचा मुलगा तेवढे वाचले. असे कृत्य ऐकले की कुणाचेही रक्त उसळेल. लोक चिडले, आरोपी शोधा म्हणून पोलिसांवर दडपण आले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा निकाल तिच्यावर फिरला. घटनेनंतर दोनच दिवसांनी, म्हणजे ७ जून २००३ रोजी, त्या वाचलेल्या बाईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांचे पुस्तक दाखवले. तिने त्यातल्या चार जणांकडे बोट दाखवले. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तिचा जबाबही झाला. ती चार माणसे वेगळीच होती. भोकरदनच्या सहांपैकी त्यांत एकही नव्हता.

मग त्या चारांचे काय झाले? त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. बाईचा तो पहिला जबाब सरकार पक्षाने न्यायालयापुढे आणलाच नाही. काही आठवड्यांनी भोकरदनकडची ही सहा माणसे या गुन्ह्यात गोवली गेली, ओळखपरेड झाली, आणि खटला उभा राहिला.

जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २००९ रोजी तिथे निकाल लागला तो आणखी कडक. ज्या तिघांची फाशी उच्च न्यायालयाने उतरवली होती तीही पुन्हा चढवली. सहाच्या सहा जण फासाच्या दोराखाली आले. देशातल्या तीन पायऱ्यांच्या न्यायालयांनी त्यांना दोषी म्हटले होते. आता कुणाकडे जायचे?

पुढे चौकशीत एकाचे वय सिद्ध झाले. घटनेच्या वेळी तो अठराच्या आत होता. म्हणजे ज्याला बालन्याय मंडळासमोर उभे करायचे, तो पोरगा फाशीच्या कैद्यांत दिवस काढत होता. बाकीच्यांनी फेरविचाराचा अर्ज लावून धरला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकायला घेतली. मोठ्या माणसाला आपली चूक कबूल करणे जड जाते, हे आपण घरात, गावात रोज पाहतो. देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने ती कबूल केली, ही या साऱ्या प्रकरणातली मानाची गोष्ट होय.

५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती अब्दुल नझीर आणि न्यायमूर्ती शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. बाईचा तो दडवलेला जबाब न्यायालयाने उजेडात आणला. ज्या चार जणांना तिने ओळखले त्यांची चौकशी का केली नाही, असा जाब विचारला. आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर आहेत, आणि अशा माणसांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, या अर्थाचे मत निकालात नोंदवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

पाच लाख रुपये. सोळा वर्षांना भागून पाहा. वर्षाला एकतीस हजार आणि काही. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. सालदाराला कोणी एवढे दिले तर तो हसेल. आणि सालदार संध्याकाळी घरी तरी जातो. सतराव्या वर्षी आत गेलेला पोरगा बाहेर आला तेव्हा तेहतिशीच्या घरात होता. या वयात माणूस लग्न करतो, धंदा शिकतो, म्हाताऱ्या आईबापांना आधार देतो. ती सारी वर्षे सरकारी भिंतीआड गेली.

आणखी एक बाजू आहे. ज्या कुटुंबाची पाच माणसे गेली, त्याला तरी न्याय मिळाला का? नाही. निरपराध माणूस आत गेला म्हणजे खरा गुन्हेगार बाहेर राहिला. म्हणून निरपराधाच्या बाजूने बोलणारा माणूस गुन्हेगाराचा कैवारी असतो असे समजू नका. मारल्या गेलेल्यांचीही बाजू तोच घेत असतो.

आपल्याकडेच असे होते असेही नाही. अमेरिकेसारख्या धनवान देशातही हे घडले. तिथल्या साउथ कॅरोलायना राज्यात १९४४ साली जॉर्ज स्टिनी नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलावर दोन गोऱ्या मुलींच्या खुनाचा आरोप आला. खटला चालला एक दिवस. पंचांनी विचार केला जेमतेम दहा मिनिटे, आणि पंच सगळे गोरे. १६ जून १९४४ रोजी त्या पोराला विजेच्या खुर्चीत बसवून मारले. सत्तर वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला, कारण त्या मुलाला न्याय्य सुनावणीच मिळाली नव्हती. निकाल रद्द झाला, पण मुलगा कुठून परत आणणार?

न्यूयॉर्क शहरात १९८९ साली एका बागेत धावायला गेलेल्या स्त्रीवर भयंकर हल्ला झाला. पोलिसांनी चौदा ते सोळा वर्षांची पाच पोरे धरली. तासन् तास प्रश्नांचा मारा केला. पोरे थकली, घाबरली. चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली. शरीरातल्या अंशांची शास्त्रीय तपासणी पोरांशी जुळली नाही, तरी शिक्षा झाल्या. २००२ साली तुरुंगातल्या एका भलत्याच माणसाने हा गुन्हा आपण केल्याचे कबूल केले. तपासणी त्याच्याशी जुळली, आणि पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. २०१४ मध्ये शहराने त्यांना सुमारे चार कोटी दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली.

माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली का देतो, असे आपल्याला वाटते. पण तुमच्या वर्गातले पोर आठवून पाहा. फळा कुणी फोडला असे दरडावून विचारले की न फोडणारे पोरही कधी कधी मान खाली घालून मीच म्हणते. त्याला त्या क्षणी घरी जायचे असते, एवढेच. पोलीस ठाण्यातल्या पोराचे याहून वेगळे नसते. म्हणूनच आपल्या देशात पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक हकीगत मुद्दाम राखून ठेवली आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरात सात जणांची हत्या झाली. राजस्थानातल्या बिकानेर भागातला एक जण त्यात दोषी ठरला. १९९८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्याला फाशी दिली, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तो गुन्ह्यात नव्हता असे न्यायालयाने पुढेही म्हटले नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्याचे वय कोणी नीट तपासलेच नव्हते. गावच्या शाळेच्या नोंदवहीत त्याची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती. म्हणजे घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. कायद्याप्रमाणे अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेची नोंद ग्राह्य धरून त्याला सोडले.

कुठल्याशा वाळवंटी गावातल्या गुरुजींनी लिहिलेली एक ओळ. लिहिताना त्यांच्या मनातही आले नसेल की या ओळीवर एका माणसाचे आयुष्य तोलले जाईल.

आपल्याकडे काय होते, ते आपण सगळे जाणतो. गावोगाव निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला! शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचे वय भरत नसले की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. बाप म्हणायचा, दुष्काळाच्या साली झाला, कपाशी वेचणीच्या दिवसांत झाला. गुरुजींनी तरी काय करावे? आपण त्यावर हसतो. पण २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र आधी पाहतात. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी, आणि हाडांच्या तपासणीत दोनेक वर्षे इकडे-तिकडे होऊ शकतात. सतराचा एकोणीस झाला की पोरगा बालन्याय मंडळाऐवजी मोठ्यांच्या कोर्टात जातो. म्हणून जन्माची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत करा, आणि शाळेच्या रजिस्टरात तीच तारीख उतरवा. पाल टाकून राहणाऱ्या, ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरचे पोर शाळेत आले तर त्याची नोंद जास्त काळजीने करा. त्याच्याकडे दुसरा कागद नसतो.

कायदा आज पोरांना बरेच संरक्षण देतो, पण तो ठाऊक असला पाहिजे. अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत बालन्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली निदान एक स्त्री असते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी मोठ्यांप्रमाणे खटला चालू शकतो, पण फाशी कोणत्याच मुलाला देता येत नाही. वयाचा मुद्दा केव्हाही मांडता येतो, शेवटचा निकाल लागल्यानंतरसुद्धा. आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तिथे गेले की झाले. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसायचे कारण उरलेले नाही.

शेवटी धुळ्याच्या तुरुंगाची एक जुनी आठवण. १९३२ साली विनोबा तिथे बंदिवासात होते आणि गीतेवर प्रवचने देत होते. ऐकणाऱ्यांत अमळनेरच्या शाळेत शिकवून आलेले साने गुरुजी होते. त्यांनी ती बोलणी जशीच्या तशी लिहून काढली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली आहेत. ऐकलेले खरे लिहून ठेवणे हे शिक्षकाचे काम त्यांनी तुरुंगातही सोडले नाही. नाशिकच्या प्रकरणात उलट झाले. एका दुःखी बाईने खरे सांगितले, ते लिहिलेही गेले, पण ते कपाटात राहिले, आणि सहा संसार त्याखाली चिरडले गेले.

तेव्हा मंडळी, गावात कुणा अनोळखी पोराला धरले, आणि चार माणसे हात उगारून उभी राहिली, तर पाचव्याने विचारावे: कुणी पाहिले? कोणी सांगितले? याचे वय काय? एवढे तीन प्रश्न विचारायला वकिली शिकावी लागत नाही. पोलिसाला बोलवा, पण हात उचलू नका. आणि पोलिसासमोरही जे पाहिले तेवढेच सांगा, ऐकीव सांगू नका. त्या पोराच्या जागी आपल्या घरचे पोर उभे असते तर आपण काय केले असते, एवढे मनाला विचारले तरी पुरे आहे.